टॉवरने सांगितले काय आणि ऐकले गेले काय : ओझर विमानतळाविषयी एक खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली,
तसेच ओझर विमानतळाच्या संचालनाची जबाबदारी असलेले सर्व अधिकारी

विषय : धावपट्टी आणि टॅक्सीवे (विमानांची धावपट्टीकडे ये-जा करण्याची वाट) यांवरील रेडिओ संवादातील चुका, आणि सिंहस्थापूर्वी करावयाची व्यवस्था

सविनय नमस्कार.

सिंहस्थाच्या तयारीसाठी नाशिकमध्ये झालेल्या एका बैठकीत ओझर विमानतळाचा विषय निघाला, तेव्हा टर्मिनलची इमारत, विमाने उभी करण्याच्या जागा, मुंबई–आग्रा महामार्गावरून विमानतळाकडे वळणारी वाहतूक आणि टॅक्सीचे दर यांवर पुष्कळ बोलले गेले. मी एकच प्रश्न विचारला : वर्दळ वाढल्यावर जमिनीवर फिरणारी विमाने, वाहने आणि नियंत्रण मनोरा म्हणजेच टॉवर यांच्यातले रेडिओवरचे बोलणे बिनचूक राहावे म्हणून काय केले जाणार आहे? ‘तो तांत्रिक आणि अंतर्गत विषय आहे, नागरिकांनी त्याची काळजी करू नये,’ असे उत्तर मिळाले आणि पुढचा विषय पुकारला गेला. त्या कार्यालयाचे नाव मी घेत नाही, कारण हेच उत्तर दुसऱ्या कोणत्याही टेबलावरून मिळाले असते. मात्र ते मुकाट्याने मान्य करणे मला शक्य नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

मी निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक आहे. नोकरीचा मोठा काळ देशातल्या निरनिराळ्या टॉवरमध्ये गेला. आता नाशिकमध्ये स्थायिक आहे आणि माझ्या घरची माणसे ओझरहूनच विमानाने ये-जा करतात. ओझरच्या नियंत्रकांविषयी माझी तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करतो; उलट त्यांच्या कामाची अवघड जात मी ओळखतो. तीन हजार मीटरची ही धावपट्टी हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या मालकीची आहे. इथे बांधल्या गेलेल्या सुखोई विमानांच्या चाचण्या याच धावपट्टीवरून झाल्या, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये तयार झालेले पहिले तेजस मार्क १ए इथूनच उडाले, शेजारी हवाई दलाचा दुरुस्ती डेपो आहे, आणि त्याच पट्टीवर प्रवासी विमानेही उतरतात. जवळच गांधीनगरला लष्कराच्या वैमानिकांचे हेलिकॉप्टर प्रशिक्षण चालते. इतक्या वेगवेगळ्या शिस्तीत वाढलेली माणसे जिथे एका टॉवरभोवती वावरतात, तिथे शब्दांच्या बाबतीत सर्वाधिक काटेकोर असणे ही चैन ठरत नाही.

सर्वसामान्य वाचकासाठी ही व्यवस्था थोडक्यात सांगितली पाहिजे. टॉवरने दिलेली सूचना वैमानिकाने आपल्या कॉलसाइनसह, म्हणजे विमानाच्या रेडिओवरील नावासह, जशीच्या तशी परत म्हणायची, याला रीडबॅक म्हणतात, आणि ती परत म्हटलेली सूचना नियंत्रकाने लक्षपूर्वक ऐकून चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायची. धावपट्टीवर शिरणे, तिच्या अलीकडे थांबणे, ती ओलांडणे, तिच्यावर उतरणे, तिच्यावरून उडणे किंवा तिच्यावरून उलट दिशेने जाणे, यांतल्या कोणत्याही सूचनेचा रीडबॅक आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सक्तीचा आहे. तिथे नुसते ‘रॉजर’, म्हणजे ‘ऐकले’, चालत नाही. एसटीत कंडक्टरची एक घंटा म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, याबद्दल ड्रायव्हरला कधी शंका येत नाही. विमानतळावरच्या ठरलेल्या शब्दांकडून तेवढ्याच निःसंदिग्धपणाची अपेक्षा आहे. कागदावर ही साखळी भक्कम आहे. ती तुटते माणसाच्या एका स्वभावामुळे, तो असा की कामाच्या घाईत माणूस कानावर पडलेले ऐकत नाही, ऐकू येईल असे वाटत असलेले ऐकतो.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील लॉस रोदेओस विमानतळावर जे घडले ते यामुळेच. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने तिथली मोठी विमाने या लहान विमानतळावर वळवलेली होती, टॅक्सीवे उभ्या विमानांनी भरून गेला होता, आणि म्हणून केएलएम व पॅन ॲम या कंपन्यांची दोन जंबो जेट धावपट्टीवरूनच मागे न्यावी लागली. धुके उतरले होते. टॉवरला विमाने दिसत नव्हती आणि विमानांना एकमेकांची जाणीव केवळ रेडिओवरून होती. उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी मिळताच केएलएमच्या कॅप्टनने, जो कंपनीचा ज्येष्ठ प्रशिक्षक होता, विमान पुढे काढले. सहवैमानिक ‘आम्ही आता टेकऑफला आहोत’ अशा अर्थाचे काहीतरी बोलला. नियंत्रकाने त्याचा अर्थ ‘उड्डाणासाठी सज्ज आहोत’ असा घेतला, ‘ओके’ म्हटले आणि जरा थांबून ‘थांबा, मी सांगेन’ असे जोडले. नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमने ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ असे कळवले. एका फ्रिक्वेन्सीवर दोघे एकाच वेळी बोलले की तिसऱ्याला शिट्टीसारखा आवाज येतो; केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ तेवढे पोहोचले आणि पुढचे सर्व त्या शिट्टीत गेले. ‘ते विमान अजून बाहेर पडले नाही का?’ अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने काढली होती, ती ठामपणे बाजूला सारण्यात आली. ५८३ माणसे मरण पावली. त्यानंतर जगभर नियम झाला की प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच ‘टेकऑफ’ हा शब्द उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे.

हे जुने प्रकरण आहे आणि आता तंत्रज्ञान सुधारले आहे, असे आपल्या खात्यातले कुणी म्हणेल. म्हणून टोकियोचे उदाहरण देतो. २ जानेवारी २०२४ रोजी हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे ३७९ जणांना घेऊन उतरणारे एअरबस विमान धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळले. मोठ्या विमानातले सर्वजण जळत्या विमानातून बाहेर पडले; लहान विमानातल्या सहांपैकी पाच जणांचा मृत्यू झाला. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या त्या विमानाला टॉवरने ‘नंबर वन’ म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिला क्रमांक कळवून सी-५ या थांब्यापर्यंत येण्यास सांगितले होते. कॅप्टनने ती धावपट्टीवर जाण्याची परवानगी समजली. रीडबॅक शब्दशः बरोबर होता, आणि तरीही आत पोहोचलेला अर्थ वेगळा होता. ते विमान सुमारे ४० सेकंद धावपट्टीवर उभे राहिले. धावपट्टी मोकळी नसल्याचा इशारा नियंत्रकाच्या पडद्यावर दिसत होता, पण तिकडे कुणाचे लक्ष गेले नाही. यंत्र होते, नियम होते, अनुभवी माणसे होती. या उदाहरणातला गणवेशातल्या दलाचा चमू आणि प्रवासी विमान यांचा एकत्र वावर ओझरला चांगलाच परिचयाचा आहे, म्हणून मी ते मुद्दाम निवडले.

आता माझ्या तक्रारी. त्या एकट्या ओझरच्या नाहीत, आपल्या अखत्यारीतील संपूर्ण व्यवस्थेच्या आहेत. ओझर हे माझ्या गावचे विमानतळ आहे, म्हणून मी इथून सुरुवात करतो.

पहिली तक्रार एकमेकांचे बोलणे ऐकू न येण्याची. नागरी विमाने रेडिओलहरींच्या व्हीएचएफ पट्ट्यात बोलतात, लष्करी विमाने पुष्कळदा यूएचएफ या वेगळ्या पट्ट्यात, आणि विमानतळावरील वाहनांच्या हाती बहुधा वेगळेच वॉकीटॉकी संच असतात. नियंत्रकाला सर्व ऐकू येते, पण तिघांना परस्परांचे काहीच कळत नाही. वैमानिक आपल्यासाठीच्या सूचनेइतकेच लक्ष इतरांच्या सूचनांकडे देतो, कारण त्यातूनच धावपट्टीवर कोण आहे याचे चित्र त्याच्या मनात तयार होते. टॉवरची चूक झाली तरी ती पकडणारा दुसरा कान तोच असतो. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनला लष्करी हेलिकॉप्टर आणि प्रवासी विमान यांची हवेत टक्कर होऊन ६७ जण गेले, तेव्हा दोन्ही चमू एकाच नियंत्रकाशी बोलत होते, पण वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर, आणि विमानाच्या मागून जाण्याची सूचना हेलिकॉप्टरच्या बाजूनेच त्या वेळी बोलण्याचे बटण दाबले गेल्याने अर्धवट पोहोचली. ती टक्कर हवेतली असली तरी दोष तोच होता. आपल्याकडे पुण्यात, जिथे धावपट्टी हवाई दलाची आहे, १५ फेब्रुवारी २०२० रोजी उड्डाणासाठी वेगात धावणाऱ्या एअर इंडियाच्या विमानासमोर धावपट्टीवर जीप आली आणि विमान वेळेआधी उचलावे लागले; त्याच्या शेपटीकडचा भाग जमिनीला घासला. ते विमान दिल्लीला सुखरूप उतरले, म्हणून लोक हे विसरले. धावपट्टीवरील घुसखोरीच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत विमानाबरोबर वाहन आणि माणूसही येतो, हे जीपवाल्यांना आणि त्यांच्या ठेकेदारांना कुणी समजावून सांगितले आहे का, असा माझा प्रश्न आहे.

दुसरी तक्रार भाषेची आहे, आणि ती मांडताना मराठीचा अभिमानी म्हणून मला थोडे अवघडल्यासारखे होते. वाहनचालकांशी हिंदी-मराठीत आणि वैमानिकांशी इंग्रजीत बोलण्याची सवय सोयीची आहे, पण धोक्याची आहे. २५ मे २००० रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर नियंत्रक फ्रेंच विमानाशी फ्रेंचमध्ये आणि ब्रिटिश मालवाहू विमानाशी इंग्रजीत बोलत होता. फ्रेंच विमानाला उड्डाणाची परवानगी मिळाल्याचे ब्रिटिश वैमानिकांना समजलेच नाही. ते धावपट्टीवर शिरले आणि त्यांचा सहवैमानिक प्राणास मुकला. बँकेत, न्यायालयात, मंत्रालयात मराठीचा आग्रह मी धरतो आणि धरत राहीन. धावपट्टीच्या फ्रिक्वेन्सीवर मात्र सर्वांना कळणारी एकच भाषा हवी, आणि चालकांना ती ठरलेली पन्नास-साठ वाक्ये बिनचूक म्हणता येईपर्यंत शिकवली गेली पाहिजेत. ते शिकवणे खुशाल मराठीतून व्हावे.

तिसरी तक्रार पाहुण्या वैमानिकांविषयी आहे. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२७ मधील अमृतस्नानांच्या काळात नियमित विमानांखेरीज महत्त्वाच्या व्यक्तींची खासगी विमाने आणि हेलिकॉप्टर ओझरकडे येतील, त्यातले कित्येक चमू इथे पहिल्यांदाच उतरत असतील, आणि तो काळ भर पावसाळ्याचा असेल. अनोळखी जागा, कमी दृश्यमानता आणि घाई एकत्र आली की काय होते हे ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर दिसले. धुक्यात एका छोट्या सेसना जेटला रोमिओ-५ या टॅक्सीवेने जाण्यास सांगितले गेले. वैमानिकाने रोमिओ-५ असेच परत म्हटले, पण विमान रोमिओ-६ वर गेले आणि उड्डाण करणाऱ्या एसएएस या कंपनीच्या प्रवासी विमानासमोर आले. ११८ माणसे गेली. वाटेत त्या वैमानिकाने जमिनीवर रंगवलेल्या एका खुणेचे नाव टॉवरला सांगितले होते, ते ऐकताच विमान भलत्या वाटेवर आहे हे कळायला हवे होते. पण ती खूण नियंत्रकाच्या नकाशात नव्हती, आणि जमिनीवरचे रडार चालू नव्हते. नकाशावरची खूण आणि जमिनीवरची खूण जुळते की नाही, एवढे तपासायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. एक माणूस, एक जीप आणि एक दुपार पुरते.

चौथी तक्रार माणसांच्या संख्येची. २७ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील लेक्सिंग्टनला कॉमएअरचे विमान पहाटेच्या अंधारात चुकीच्या, आखूड धावपट्टीवरून उडण्याचा प्रयत्न करताना कोसळले आणि ४९ जण मरण पावले. चूक वैमानिकांची ठरली, पण दोन नियंत्रकांची गरज असताना टॉवरमध्ये एकच होता, आणि उड्डाणाची परवानगी देऊन तो कागदी कामाकडे वळला होता.

पाचवी तक्रार माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. झालेली चूक वर कळवणाऱ्यालाच त्या चुकीची किंमत मोजावी लागते. मी पूर्वी काम केलेल्या एका विमानतळावर, ज्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही, पावसाळी संध्याकाळी एका विमानाला धावपट्टीच्या अलीकडे थांबण्याची सूचना दिली गेली. उत्तरात कॉलसाइन आणि ‘रॉजर’ एवढेच आले. तो तरुण नियंत्रक त्याच वेळी दुसऱ्या कानाला फोन लावून शेजारच्या केंद्राशी बोलत होता, कारण टॉवर (धावपट्टीचे नियंत्रण), ग्राउंड (जमिनीवरच्या इतर वाटांचे नियंत्रण) आणि फोन ही तिन्ही कामे त्या पाळीत त्याच्याकडेच दिलेली होती. विमान थांब्याची रेषा ओलांडून पुढे आले. सुदैवाने उतरणारे विमान अजून दूर होते आणि त्याला फेरी मारून यायला सांगता आले. त्या तरुणाने प्रकार स्वतः लेखी कळवला. चौकशी झाली, त्याला ताकीद मिळाली, काही महिने टॉवरपासून दूर ठेवण्यात आले. त्या वैमानिकाचा अर्धा रीडबॅक का चालवून घेतला जातो, किंवा तीन कामे एका खुर्चीवर कुणी ठेवली, हे प्रश्न चौकशीच्या कागदात नव्हते. पुढे त्या टॉवरमध्ये कुणी आपणहून काही लिहून दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

८ जून २०२४ रोजी मुंबईत एअर इंडियाचे विमान उड्डाण करीत असतानाच त्याच धावपट्टीवर इंडिगोचे विमान उतरले, आणि संबंधित नियंत्रकाला कामावरून बाजूला केल्याचे लगेच जाहीर झाले. चौकशी होईपर्यंत नियंत्रकाला दूर ठेवणे योग्यच आहे, त्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप असा की जनतेला या प्रकरणातून तेवढेच ठळकपणे कळले. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आणि नियंत्रक आपल्या चुका ‘नासा’कडे गोपनीयपणे कळवतात, कारवाईचे अधिकार असलेल्या यंत्रणेकडे कळवावे लागत नाही, म्हणूनच ते कळवतात. आपल्याकडे स्वेच्छेने कळवण्याची सोय नियमांत आहे, पण कळवायचे ते दंड करणाऱ्याच दाराशी.

या पार्श्वभूमीवर माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

नागरी विमानांच्या वेळेत ओझरच्या धावपट्टीवर किंवा तिच्या संरक्षित पट्ट्यात असलेले प्रत्येक विमान, हेलिकॉप्टर आणि वाहन एकाच फ्रिक्वेन्सीवर असावे. लष्करी विमानाच्या बाबतीत ते शक्य नसेल तर दोन फ्रिक्वेन्सी जोडून एकीवरचे बोलणे दुसरीवर ऐकू येईल अशी व्यवस्था असावी. ही सोय नवी नाही आणि महागही नाही.

अर्धवट रीडबॅक कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही ज्येष्ठ कॅप्टनकडून स्वीकारला जाऊ नये. टॉवरचे बोलणे ध्वनिमुद्रित होते आणि नियमानुसार किमान ३० दिवस जपले जाते. सध्या ते बहुतेक वेळा काही घडल्यावरच ऐकले जाते. त्यातले काही तास दर महिन्याला, काहीही घडलेले नसताना, नियंत्रक आणि विमान कंपन्यांचे प्रतिनिधी यांनी एकत्र बसून ऐकावेत, आणि त्या बैठकीत कुणाचेही नाव घेतले जाऊ नये.

सिंहस्थाच्या काळात ग्राउंड आणि टॉवर ही कामे स्वतंत्र नियंत्रकांकडे असावीत आणि फोनसाठी तिसरा माणूस असावा. बाहेरून तात्पुरते आणलेले नियंत्रक स्नानाच्या तारखेच्या आदल्या दिवशी रुजू होऊन उपयोग नाही. जागेची ओळख होण्यापुरता अवधी त्यांना मिळाला पाहिजे.

येणाऱ्या प्रत्येक खासगी विमानाच्या चमूला निघण्यापूर्वी ओझरच्या जमिनीवरील वाटांचे, थांब्यांचे आणि गोंधळ होऊ शकणाऱ्या ठिकाणांचे एक पानी पत्रक मिळावे, आणि ते वाचल्याची नोंद झाल्याशिवाय त्या विमानाला वेळ देऊ नये. दुसऱ्या धावपट्टीच्या ज्या योजनेची शहरात चर्चा आहे ती प्रत्यक्षात आली तर हे पत्रक दुपटीने आवश्यक होईल, कारण दोन समांतर पट्ट्यांमुळे ओलांडण्याच्या जागा वाढतात. विमानतळ मोठा होणे म्हणजे तो आपोआप सुरक्षित होणे नव्हे, ही गोष्ट उद्घाटनांच्या उत्साहात हरवू नये एवढीच अपेक्षा.

ऐकण्यातल्या आणि समजण्यातल्या चुका कळवण्यासाठी आपल्या कारवाईच्या अधिकारांपासून वेगळी, गोपनीय यंत्रणा असावी. ती देशभरासाठी उभी करण्यास वेळ लागणार असेल, तर निदान सिंहस्थाच्या काळापुरता ओझरला असा प्रयोग करून पाहावा. हेतुपुरस्सर नियमभंग आणि मादक पदार्थांचे सेवन वगळता कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे लेखी जाहीर व्हावे.

शेवटची मागणी नागरिक म्हणून. ओझरच्या धावपट्टी सुरक्षा समितीने काय पाहिले, काय सुधारले आणि काय बाकी आहे, याचा लष्करी गुपिते वगळून केलेला सारांश दर सहा महिन्यांनी मराठीत प्रसिद्ध व्हावा. सुखोईच्या चाचणीचा तपशील मला नको आहे. थांब्याचे लाल दिवे चालू आहेत की नाहीत आणि वाहनचालकांचे प्रशिक्षण झाले की नाही, एवढे प्रवाशांना कळले तर देशाच्या सुरक्षिततेला बाधा येणार नाही.

निफाड तालुक्यात थंडी आणि धुके काय असते हे ओझरच्या माणसाला सांगावे लागत नाही. यंदाच्या हिवाळ्यातले पहिले धुके पडण्याआधी रीडबॅकची, चालकांच्या प्रशिक्षणाची आणि जमिनीवरील खुणांच्या पडताळणीची मागणी पूर्ण होऊ शकते, कारण या तिन्हींसाठी कुठलीही निविदा काढावी लागत नाही. उरलेल्या मागण्यांबाबत कोणती मान्य आहे, कोणती नाही आणि का नाही, याचे लेखी उत्तर आपण द्यावे आणि तेही असेच जाहीरपणे द्यावे, ही विनंती. चालकांना ती ठरलेली वाक्ये शिकवण्यासाठी माझ्यासारखे निवृत्त नियंत्रक हवे असतील तर मी विनामोबदला येईन. नाशिकमध्ये माझ्याखेरीज आणखी काहीजण तयार आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक
नाशिक